तलावातली कासवं मोजायची कशी, आणि मोजून नेमकं कळतं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात एमएससी झूलॉजी करणारी एक मुलगी घराजवळच्या तलावातली कासवं मोजतेय. काठावरून मोजली तर एका सकाळी चौदा दिसतात, दुसऱ्या सकाळी तीनच. गाईड म्हणतात ट्रॅप लाव. तिला विचारायचंय की खरा आकडा काढायचा कसा आणि ट्रॅप कुठून आणायचा.

पहिलं म्हणजे ट्रॅप आत्ता लावू नकोस. गाईडने सांगितलं असलं तरी नाही. आपल्याकडच्या तलावांत सगळ्यात जास्त सापडणारं देशी कासव म्हणजे फ्लॅपशेल, लिसेमिस पंक्टाटा, आणि ते वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा येतं, तू नंतर सोडून दिलंस की नाही हे त्यात विचारत नाहीत. संशोधनासाठी कलम 12 खाली परवानगी मिळते, ती मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आपल्या राज्यात ते ऑफिस नागपूरला आहे, आणि अनुसूची 1 चा प्राणी असला की राज्याला आधी केंद्राची मान्यता घ्यावी लागते. अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, गाईडच्या सहीने, पद्धत सविस्तर लिहून करायचा. त्याला महिने लागतात हे धरून चाल. शिवाय तलाव महापालिकेचा असेल तर पालिकेचं वेगळं पत्र लागतं, आणि येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी काम असेल तर नॅशनल पार्कची हद्द कुठे सुरू होते ते आधी नकाशावर बघून घे, ती हद्द लोकांना वाटते त्यापेक्षा जवळ असते.

मग तोपर्यंत काय करायचं? भरपूर काही. खरं सांगायचं तर तुझ्या प्रोजेक्टचा निम्म्याहून जास्त आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग कासवाला हात न लावता होतो.

आधी कोण कोण आहे ते नीट ओळखायला शिक. फ्लॅपशेल मऊ पाठीचं, गोलसर, नाकाची छोटी नळी पुढे आलेली, आणि उलटं केलं तर मागच्या पायांवर झाकणासारखे दोन पडदे. दुसरं देशी म्हणजे काळं कासव, मेलॅनोचेलिस ट्रायजुगा, कडक पाठीचं, पाठीवर लांबीच्या दिशेने तीन उंचवटे, पाणी सोडून बऱ्यापैकी फिरतं. आणि तिसरा पाहुणा म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असतो तो, अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातला, ॲक्वेरियमच्या दुकानातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा असताना घरी येतो, दोनतीन वर्षांत ताटलीएवढा होतो, घाण करतो, चावतो आणि मग एखाद्या रविवारी 'बिचाऱ्याला मोकळं सोडूया' म्हणून तलावात जातो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जातींच्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो आहे, युरोपियन युनियनने 1997 मध्येच त्याची आयात बंद केली. लीथचं सॉफ्टशेल वगैरे मोठी कासवं नद्यांची, ती शहरातल्या तलावात दिसायची शक्यता कमीच, पण दिसलं तर फोटो काढ आणि कुठल्याही ग्रुपवर टाकायच्या आधी वनविभागाला कळव, कारण ते अतिसंकटग्रस्त आहे आणि 2022 च्या पनामाच्या बैठकीत त्याला सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकलंय.

ओळखताना एक ठिकाणी हमखास गोंधळ होतो. म्हातारा नर स्लायडर काळा पडतो, लाल पट्टा जातो, पिवळ्या रेघा जातात, लांबून बघितलं तर थेट काळं कासव वाटतं. अशा वेळी पाठीवरचे तीन उंचवटे बघायचे, आणि पुढच्या पायाची नखं बघायची. नर स्लायडरची पुढची नखं चांगलीच लांब असतात, ओंडक्यावर पसरून बसला की टेलिलेन्सने सहज दिसतात. फोटो नसेल तर वहीत 'कडक पाठीचं, जात नक्की नाही' एवढंच लिही, अंदाजाने नाव लिहू नकोस. तीस नोंदींतल्या पाच चुकीच्या असल्या की पुढचं सगळं गणित वाया.

आता तुझे चौदा आणि तीन. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हीतून तलावात किती कासवं आहेत ते कळत नाही. तुला जे दिसतंय ते त्या वेळी पाण्याबाहेर आलेली कासवं, आणि बाहेर यायचं की नाही हे ऊन, पाण्याचं तापमान, वारा, बोट, कुत्री, काठावरचा गोंगाट असल्या गोष्टींवर ठरतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी पाणी गार असतं, सूर्य वर आला की नऊ ते अकराच्या दरम्यान ती उन्हात चढतात. मे महिन्यात पाणीच इतकं कोमट असतं की त्यांना ऊन खायची गरजच उरत नाही, मग तू म्हणणार संख्या घटली. संख्या नाही घटली, हवामान बदललं.

आणि यात जातीचा पक्षपात आहे, हा मुद्दा लोक कायम विसरतात. स्लायडर हा उन्हात बसायचा शौकीन, एकावर एक चढून बसतात. फ्लॅपशेल त्या मानाने फार कमी वेळा पूर्ण बाहेर येतं, नुसतं नाक वर काढतं, दोन सेकंद, परत खाली. त्यामुळे काठावरून मोजणाऱ्या माणसाला तलाव स्लायडरने भरलाय असं वाटतं आणि प्रत्यक्षात गाळात देशी कासवं त्याहून जास्त असू शकतात. उलटंही असेल. काठावरच्या मोजणीवरून 'परकी जात इतके टक्के' असं वाक्य थिसिसमध्ये कृपया लिहू नकोस, व्हायवाला तेच पहिलं विचारतील.

म्हणून काठावरची मोजणी करायची तर शिस्तीत कर. तलावाभोवती ठरलेल्या जागा निवड, प्रत्येक जागी ठरलेली वेळ थांब, दुर्बिणीने बघ, हवेचं आणि पाण्याचं तापमान, ढग, बोटी चालू होत्या का, मासे पकडायला कोणी बसलं होतं का, हे दर वेळी लिही. तेच तलाव, त्याच जागा, परत परत. अशा वारंवार मोजणीतून 'असूनही न दिसण्याचं' प्रमाण काढता येतं, त्याला एन-मिक्श्चर मॉडेल म्हणतात, आर नावाच्या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी पॅकेजेस आहेत, स्टॅटिस्टिक्सवाल्या एखाद्या मैत्रिणीला आत्ताच पटवून ठेव. आणि शून्य मोजलं तेव्हाही शून्य लिहायचं. पोरं शून्याचे दिवस गाळतात आणि मग सरासरी फुगते.

परवानगी आली असं धरून ट्रॅपबद्दल सांगते. गोल कड्यांवर जाळं ताणलेला हूप नेट सगळ्यात सोयीचा, तोंडाशी आत वळलेलं नरसाळं असतं, कासव आत जातं, बाहेरची वाट त्याला सापडत नाही. आपल्याकडे कोळीवाड्यात जाळी विणणाऱ्याला चित्र दाखवलं तर तो तुझ्या डोळ्यासमोर करून देतो, बाहेरून मागवायची गरज नाही. आमिष म्हणजे मासळी बाजारातला टाकाऊ माल, डोकी, आतडी, आणि ते भोकं पाडलेल्या डब्यात बंद करून लटकवायचं, म्हणजे वास सुटतो पण पहिल्याच गिऱ्हाईकाने फस्त करून टाकलं असं होत नाही. मॉर्निंग वॉकवाले वासाची तक्रार करणारच, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेव, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि यात हयगय अजिबात चालणार नाही: कासवाला फुफ्फुसं असतात. पूर्ण बुडालेल्या ट्रॅपमध्ये ते बुडून मरतं. ट्रॅपचा वरचा भाग कायम पाण्याबाहेर राहिला पाहिजे, त्यासाठी आत दोन्ही बाजूंना झाकण घट्ट लावलेल्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या बांधायच्या, आणि ट्रॅप काठाला किंवा रोवलेल्या बांबूला अशा सैल दोरीने बांधायचा की पाणी चढलं तर तोही वर येईल. पावसाळ्यात लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. येऊरच्या डोंगरावर दोन तास धो धो पडला की खाली पाणी किती चढेल ते कोणी सांगू शकत नाही. ट्रॅप दिवसातून निदान दोनदा तपासायचा, शक्य असेल तर जास्त, कारण त्यात कासवाबरोबर तिलापिया आणि मांगूर तर येतातच पण दिवडही येते, पाण्यातला साप, आणि तिलाही श्वासाला हवा लागतेच. ज्या दिवशी तपासायला कोणी नाही त्या रात्री ट्रॅप पाण्यात नको, संपला विषय.

आणि ट्रॅप चोरीला जातात. वॉचमन, बोटिंगवाला, गळ टाकून बसणारे काका, यांच्याशी आधी ओळख कर, ट्रॅपवर कॉलेजचं नाव, वनविभागाच्या परवानगीचा नंबर आणि गाईडचा फोन लॅमिनेट करून बांध.

कासव हातात आलं की काम पटापट करायचं. सावलीत, ओल्या गोणपाटावर. फ्लॅपशेलची मान दिसते त्यापेक्षा पुष्कळ लांब असते, वळवून मागे पोचते आणि चावा जोरदार असतो, त्यामुळे मागच्या बाजूने धरायचं. पाठीची सरळ लांबी कॅलिपरने घ्यायची, टेपने वळणावरून नाही. वजन कापडी पिशवीत घालून स्प्रिंग काट्यावर. नर-मादी शेपटीवरून, नराची शेपटी जाड आणि लांब, मादीची आखूड, आणि स्लायडरमध्ये नखांचं वर सांगितलंच. वयासाठी पाठीवरच्या रेषा मोजत बसू नकोस, थंड देशात हिवाळ्यात वाढ थांबते म्हणून तिथे त्या रेषांना काही अर्थ आहे, आपल्याकडे त्यावर विसंबता येत नाही. जखमा, तोंडात अडकलेला गळ, पाठीवरचं शेवाळ, जळवा, सगळं लिही आणि वरून, खालून, बाजूने असे फोटो काढ.

खूण कशी करायची हा वेगळा विषय आहे. कडक पाठीच्या कासवांना कडेच्या ढालींवर, म्हणजे पाठीच्या कडेने असलेल्या कडक तुकड्यांवर, बारीक तिकोनी कानशीने खाच पाडतात, ही पद्धत केगल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1939 मध्ये छापली होती आणि अजूनही तीच चालते. दोन्ही बाजूंना कडेच्या बारा-बारा ढाली असतात, प्रत्येकीला एक आकडा किंवा अक्षर द्यायचं, दोनतीन खाचांत शेकडो वेगवेगळे कोड तयार होतात, फक्त मधल्या, पोटाच्या कवचाला जोडलेल्या ढालींना हात लावायचा नाही. फ्लॅपशेलला हे जमत नाही कारण त्याच्या पाठीवर ढालीच नाहीत, वर चामडी आहे. त्याच्यासाठी पिट टॅग, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली, ती टोचायला व्हेट बरोबर हवाच आणि परवानगीत तसं आधीच लिहिलेलं हवं. त्याच्या जोडीला पोटाचा फोटो. फ्लॅपशेलच्या पोटावर सात खरखरीत चकत्या असतात, त्यांचे आकार आणि डाग बघून पुष्कळदा तेच कासव परत ओळखता येतं, निदान मोठ्या कासवांत. रंग लावणं, नेलपॉलिश, पाठीला भोक पाडून रिंग अडकवणं, हे सगळं विसर.

आता गणित. समजा पहिल्या फेरीत तू 30 कासवांना खूण करून सोडलंस. काही आठवड्यांनी दुसरी फेरी, 24 मिळाली, त्यातली 8 खुणेची. मग 30 गुणिले 24 भागिले 8, म्हणजे 90. याला लिंकन-पीटरसन सूत्र म्हणतात. नमुना लहान असला की हे थोडं फुगीर येतं म्हणून चॅपमनची दुरुस्ती लावतात, 31 गुणिले 25 भागिले 9, वजा 1, म्हणजे 85. आता गंमत अशी की या 85 ची 95 टक्के मर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा जिच्या आत असतो ती, काढलीस तर ती साधारण 50 ते 120 येते. म्हणजे एवढी मरमर करून तुझं उत्तर आहे 'पन्नास ते एकशेवीसच्या मधे कुठेतरी'. वाईट वाटून घेऊ नकोस, प्रामाणिक उत्तर हेच असतं, आणि पेपरात 'तलावात 85 कासवे' असं छापून आलं की दात ओठ खायची सवय आत्तापासून कर.

शिवाय हे सूत्र काही गोष्टी गृहीत धरतं आणि शहरात त्यातली एकही धड लागू पडत नाही. एक म्हणजे सगळ्यांची पकडलं जायची शक्यता सारखी. प्रत्यक्षात एकदा ट्रॅपमध्ये सापडलेलं कासव कधी घाबरून परत येत नाही, तर कधी फुकटचे मासे मिळतात म्हणून रोज येतं. वरच्याच उदाहरणात 8 च्या जागी 4 च खुणेची आली असती तर उत्तर 90 चं 180 झालं असतं, कासवं तेवढीच. म्हणून दोन फेऱ्यांवर थांबू नकोस, जास्त फेऱ्या घे आणि ट्रॅपच्या जागा बदलत राहा.

दुसरं गृहीतक म्हणजे मधल्या काळात कोणी आत आलं नाही, बाहेर गेलं नाही. ठाण्यातल्या तलावात! इथे सोमवारी मनोभावे, संकष्टीला नवस म्हणून, घर बदलताना सोय म्हणून कासवं सोडली जातात. पहिल्या पावसात फ्लॅपशेल आणि काळी कासवं रस्त्यावर येतात, कोणीतरी भला माणूस उचलतो आणि जवळच्या तलावात नेऊन टाकतो, ते मुळात कुठल्या तलावातलं, कुठल्या नाल्यातलं, कोणाला माहीत. रेस्क्यूवालेही सोडतात. त्यामुळे परिसरातल्या रेस्क्यू करणाऱ्या मंडळींकडे आणि वनविभागाकडे सोडण्याच्या नोंदी मिळतात का बघ, कुठलं कासव कुठे सोडलं ही माहिती तुझ्या दुसऱ्या फेरीएवढीच मोलाची आहे. आणि उघड्या लोकसंख्येसाठी जॉली-सेबर नावाचं वेगळं मॉडेल आहे, ते आवक-जावक धरून चालतं, पण त्याला निदान तीन फेऱ्या लागतात, जास्त असतील तितक्या बऱ्या.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं खरं म्हणणं. तू 'किती' विचारतेयस. मी तुझ्या जागी असते तर 'पिल्लं होतायत का' हे विचारलं असतं. कासव दशकानुदशकं जगतं. तलावाच्या काठाला दगडी भिंत बांधून वीस वर्षं झाली तरी आतली मोठी कासवं मजेत दिसत राहतात, लोक फोटो काढतात, नगरसेवक सांगतात बघा आपला तलाव किती जिवंत आहे, आणि त्या वीस वर्षांत तिथे एकही अंडं फुटलेलं नसू शकतं. जुन्या ठाण्यातल्या एखाद्या इमारतीत कसे सगळे फ्लॅट भरलेले असतात पण आजी-आजोबाच राहतात, पोरं पुण्याला नाहीतर कॅनडाला, तसं. मोजणीत ती इमारत भरलेलीच दिसते.

कारण साधं आहे. मादीला अंडी घालायला पाण्यातून बाहेर येऊन मऊ, न बुडणारी, उकरता येईल अशी माती लागते. आपल्याकडे तलावाचं सुशोभीकरण म्हणजे काय ते तुला माहीत आहे: उभी भिंत, घाट, रेलिंग, मग पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, त्याच्यापलीकडे रस्ता. ठाण्यातल्या मासुंदा तलावाला एकदा पूर्ण फेरी मार, गडकरी रंगायतनच्या बाजूने सुरू कर, आणि विचार कर की ताटाएवढी मादी पाण्यातून निघाली तर कुठून वर चढेल. कचराळीला मार, उपवनला मार. हेच तुझं परवानगी न लागणारं काम आहे आणि हे कोणी नीट केलं तर मला स्वतःला वाचायला आवडेल: तलावाच्या संपूर्ण काठाची नोंद. मोबाईलचा जीपीएस चालू ठेवून दर दहा पावलांना काठ कसा आहे ते लिहायचं. उभी भिंत, उतरता दगड, पायऱ्या, कच्ची माती, झाडांची मुळं. भिंत असेल तर पाण्यापासून किती उंच. माती असेल तर किती रुंद, दाबून घट्ट झालेली की भुसभुशीत, कुत्री किती. मग टक्के काढ. पावसाळा सरल्यावर कच्च्या मातीच्या जागा सकाळी लवकर बघ, उकरलेली माती, फुटलेल्या पांढऱ्या कवचांचे तुकडे, मुंगसाची नाहीतर कुत्र्याची उकीर. फ्लॅपशेलचं अंडं गोल असतं आणि कडक कवचाचं, काळ्या कासवाचं लांबट, त्यामुळे तुकड्यावरूनही कधी कधी अंदाज येतो. घरटं सापडलं तर उकरू नकोस, खूण म्हणून दगडही ठेवू नकोस, लोकांना कळतं.

ट्रॅपिंग सुरू झालं की मग मापांचा आलेख काढ, कुठल्या आकाराची किती. लहान आकार रिकामा असला तर लगेच 'पिल्लं नाहीत' म्हणू नकोस, कारण पिल्लं हूप नेटमध्ये येतच नाहीत, जाळीतून निसटतात, ती काठाच्या गवतात, जलपर्णीत असतात, तिथे हातजाळ्याने वेगळं शोधावं लागतं. तेही करून मिळाली नाहीत तर मग बोल.

आणि स्लायडरच्या बाबतीत उलटी फसगत होते. लहान स्लायडर सापडला की लोक लगेच लिहितात 'ठाण्यात प्रजनन करतोय'. अगं, दुकानात विकला जातो तो त्याच मापाचा! कालपरवा कोणीतरी सोडलेला असेल. प्रजनन म्हणायचं तर घरटं हवं, नाहीतर पोटावर बेंबीची ताजी खूण आणि चोचीवर अंडं फोडायचा दात असलेलं अगदी ताजं पिल्लू हवं, किंवा व्हेटकडून एक्स-रे काढलेली अंडी भरलेली मादी हवी. अजून एक, स्लायडरमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या तापमानावर ठरतं, गरम मातीत माद्या जास्त. आपल्या हवेत त्याचं काय होतं हा चांगला विषय आहे, पण पीएचडीला ठेव.

ट्रॅपमध्ये स्लायडर आला तर परत सोडायचा का, हे ट्रॅप लावायच्या आधी वनविभागाशी बोलून लेखी ठरव. माझं मत विचारशील तर परत सोडू नये. पण मग त्याचं करायचं काय, ठेवायचा कुठे, याचं उत्तर तुझ्याकडे हवं, नाहीतर हॉस्टेलच्या बादलीत आठ स्लायडर घेऊन बसशील. 2022 च्या दुरुस्तीने कायद्यात आक्रमक परक्या जातींवर नियंत्रण आणायचा अधिकार केंद्राला मिळालाय, त्यामुळे पुढे नियम बदलू शकतात, लक्ष ठेव.

उन्हाळ्यातली एक संधी सांगते, ती सहसा कोणी वापरत नाही. पाणी आटलं की फ्लॅपशेल गाळात खोल शिरून पडून राहतं, आणि नेमका तेव्हाच पालिका गाळ काढायला जेसीबी लावते. बादलीभर गाळाबरोबर कासवं डंपरमध्ये जातात. टेंडर निघालं की वॉर्डातल्या इंजिनिअरला भेट, ठेकेदाराच्या सुपरवायझरशी बोल, आणि वनविभागाचा माणूस तिथे हजर राहील असं बघ. कासवं वाचतात आणि तलावात काय होतं त्याची यादीही मिळते. मेलेल्या कासवाची नोंदही टाकू नकोस. कल्याणला गौरीपाड्याच्या तलावात 2021 च्या सुरुवातीला एकदम बरीच कासवं मेलेली सापडली होती, तोपर्यंत त्या तलावात इतकी कासवं आहेत हे आजूबाजूच्यांनाही माहीत नसावं. मेलेल्याचंही माप घेता येतं, पण तेसुद्धा वनविभागासमोर, त्यांच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करून. घरी कवच आणून ठेवलंस तर गुन्हा आहे, अभ्यासासाठी होतं हे सांगून सुटका नाही.

तुलनेसाठी नवी मुंबई घेणार असशील तर तलाव निवडताना सांभाळ. वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूरचे होल्डिंग पाँड सिडकोने भरतीचं पाणी अडवायला बांधलेत, खाडीला जोडलेले आहेत, पाणी खारट किंवा मचूळ. तिथे बगळे आणि फ्लेमिंगो मोज, गोड्या पाण्याच्या कासवांसाठी ते तलाव धरू नकोस. त्यापेक्षा घणसोली, कोपरखैरणे, बेलापूर इथले जुने गावतलाव बघ. त्यातल्या काहींत विसर्जनाचा भाग वेगळा काढायला गॅबियनची भिंत घातलीय, तारेच्या जाळीत दगड भरलेली, तिचा कासवांना अडथळा होतो की ऊन खायला ओटा मिळतो हे बघण्यासारखं आहे. दिघ्याला डोंगरातलं इलठाणपाड्याचं जुनं रेल्वेचं धरण आहे, काठ बराचसा कच्चा. भिंतवाला तलाव आणि कच्च्या काठाचा तलाव अशी जोडी लावलीस तर तुझ्या थिसिसला खरा प्रश्न मिळेल. मात्र दोन्हीकडे मेहनत सारखी हवी, पाच ट्रॅप तीन रात्री म्हणजे पंधरा ट्रॅप-रात्री, तर दुसरीकडेही पंधराच, आणि निकाल दर ट्रॅप-रात्री किती असा लिहायचा.

एका तलावातून दुसऱ्यात जाताना जाळी, बूट, कॅलिपर ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन, कडक उन्हात वाळवल्याशिवाय न्यायचे नाहीत. रोग, जलपर्णीचे तुकडे, गोगलगायी, सगळं आपणच पसरवतो. हातमोजे घाल, कासव हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नकोस, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर 1975 पासून बंदी आहे ती त्याचमुळे. आणि पायाला जखम असेल तर पावसाळी पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिसचा ताप आपल्याकडे दर वर्षी माणसं नेतो.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकशील तेव्हा देशी कासवांचं लोकेशन लपवून टाक. फ्लॅपशेल खाण्यासाठी आणि औषधाच्या नावाखाली पकडलं जातं, नेमकी जागा सांगायची गरज नाही.

कागदपत्रांबद्दल शेवटचं. खाचांचे कोड, पिट टॅगचे नंबर, फोटो, हे तुझ्या एकटीच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस. तू दोन वर्षांत पास होऊन जाशील, कासव तिथेच राहणार, आणि दहा वर्षांनी कोणाला तरी खाच असलेलं कासव सापडलं तर ती खाच कोणाची हे विचारायला जागा हवी. डिपार्टमेंटमध्ये एक रजिस्टर उघड, एक प्रत वनविभागाला दे. अर्जाचा मसुदा झाला की पाठव, पद्धतीचा भाग मी वाचून देते, तिथेच बरेच अर्ज अडकतात. आणि काठाची नोंद मात्र पाऊस सुरू व्हायच्या आत उरक, पाणी वर आलं की निम्मा काठ बुडालेला असतो आणि भिंतीची उंची चुकीची लिहिली जाते.